शिकारीचा थैला आणि कुर्बानीचे गोश्त : एकाच थैल्याकडून दोन कामे कशी घ्यावीत?

गोश्त घरापर्यंत कशातून न्यायचे, हा प्रश्न कुणी गंभीरपणे विचारत नाही. खाटकाच्या ओट्यावरून काळी प्लास्टिकची पिशवी मिळते, ती मोटारसायकलच्या हँडलला अडकवली की काम झाले, असे आपण समजतो. पण ताजे गोश्त गरम असते. बंद पिशवीत त्याची वाफ कोंडते, तळाशी रक्ताचे पाणी साचते आणि उन्हाळा असेल तर लांबच्या गावी पोचेपर्यंत वास सुटू लागतो. ज्या जनावरासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकले, त्याचे गोश्त केवळ पिशवीपायी नासावे, हा तोटा साधा नाही. त्यातला एक वाटा गरिबाच्या हक्काचा असतो, हेही विसरता येत नाही.

या प्रश्नावर बारकाईने विचार केला आहे तो परदेशातील शिकाऱ्यांनी. दिवसभर जंगलात फिरताना पाणी, जेवण, दोरी, सुरी आणि अंगावरचा जादा कपडा पाठीवर वागवायचा, आणि शिकार मिळालीच तर त्याच थैल्यातून गोश्त कित्येक मैल चालत आणायचे, असे हे दुहेरी काम आहे. आपल्या देशात शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी. परंतु त्या थैल्याची रचना नीट समजून घेतली तर आपल्या गरजेचा थैला कसा निवडावा, कसा शिवावा आणि कसा विकावा, हे आपल्या कापड व्यापाऱ्यांना, टेलर मंडळींना आणि बॅग कारीगरांना सहज कळेल.

फितराकपासून पाठीवरच्या थैल्यापर्यंत

उर्दू गझल वाचणाऱ्यांना ‘फितराक’ हा शब्द परिचयाचा आहे. खोगिराला शिकार बांधण्यासाठी जो बंद असे, तो फितराक. त्यालाच ‘शिकारबंद’ असेही म्हणत. शायरांनी त्यात आशिकाचे दिल बांधले, शिकाऱ्यांनी हरीण बांधले. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर त्या बंदात दोन हिकमती होत्या. शिकार उघड्यावर लटकत असल्याने तिला वारा लागे आणि तिचे वजन माणसाच्या खांद्याऐवजी घोड्याच्या पाठीवर जाई. हवा आणि वजन, या दोन गोष्टी सांभाळल्या की गोश्त शाबूत राहते. आजचा महागडा थैलाही याच दोन गोष्टींसाठी धडपडतो.

आपला मुलूख शिकारीसाठी एके काळी प्रसिद्ध होता. मद्रास घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ १८१९ च्या एप्रिलमध्ये अजिंठ्याच्या डोंगरात वाघाच्या शिकारीला आला आणि त्याच्या नजरेस लेणी पडली. दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने कोरलेले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख आजही दाखवतात. तो जमाना गेला. शेजारच्या डोंगररांगेत १९८६ मध्ये गौताळा अभयारण्य घोषित झाले.

आधी कायदा, मग थैला

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली झाला. सुरुवातीला त्यात काही जनावरांसाठी परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंद झाले. ससा आणि तितर हेही संरक्षित आहेत. रोही किंवा रानडुक्कर पिकाची नासाडी करतात म्हणून वनखात्याने एखाद्या ठिकाणी मारण्याची परवानगी दिली, तरी कलम ३९ प्रमाणे असे जनावर सरकारी मालमत्ता ठरते; ते थैल्यात घालून घरी नेण्याची ती परवानगी नसते. तेव्हा ‘शिकारीचा थैला’ हे नाव पाहून कोणाही तरुणाने गैरसमज करून घेऊ नये. थैला घ्यावा, जंगलाकडे मात्र फिरकू नये. आपले गोश्त खाटकाकडचे आणि कुर्बानीचे. पुढील विवेचन त्याच्याच सोयीसाठी आहे.

परदेशी गिऱ्हाईक काय पाहते?

अमेरिकेच्या अनेक राज्यांत शिकार करून गोश्त रानात टाकून येणे हा गुन्हा आहे. अलास्का राज्यात तर खाण्याजोगे गोश्त बाहेर आणणे शिकाऱ्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे तेथील शिकारी थैला घेताना तो किती सुंदर दिसतो यापेक्षा किती ओझे पेलतो, हे आधी विचारतो.

दिवसभराच्या थैल्याचे माप साधारण ३० ते ४५ लिटर असते. येथे एक हिशेब लक्षात ठेवावा. बिनहाडाच्या एक किलो गोश्ताला सुमारे एक लिटर जागा लागते. म्हणजे २० किलो गोश्त २० लिटरमध्ये मावते. थैल्यात जागा शिल्लक असते. पण पट्टे तुटू लागतात आणि पाठ वाकते. हा थैला जागेअभावी कमी पडत नाही, वजनामुळे पडतो. म्हणून जो दुकानदार फक्त लिटर सांगून माल विकतो, तो अर्धीच माहिती देतो.

शाळेच्या दप्तरासारख्या साध्या थैल्यात आठ-दहा किलोपर्यंत ठीक चालते. त्यापुढे सगळे वजन खांद्यांवर लटकते. शिकारीच्या थैल्यात पाठीकडून ॲल्युमिनियमचा किंवा कडक प्लास्टिकचा सांगाडा असतो आणि कमरेला रुंद, गादी भरलेला पट्टा असतो. तो नीट आवळला की वजनाचा मोठा भाग खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर उतरतो. आपले हमाल पोते पाठीच्या वरच्या भागावर घेऊन थोडे पुढे झुकून चालतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे. ओझे अंगाला चिकटून असावे, मागे लोंबकळू नये.

दुसरी खुबी सांगाडा आणि पिशवी यांच्यामधल्या जागेत आहे. चांगल्या थैल्यात पिशवी सांगाड्यापासून सैल करता येते आणि मध्ये एक खण उघडतो. गोश्त त्या खणात, पाठीला लागून ठेवायचे आणि बाजूचे पट्टे आवळायचे. जेवण, पाणी, कपडे बाहेरच्या पिशवीत वेगळे राहतात. त्यांना रक्ताचा डाग लागत नाही. गोश्त नसेल त्या दिवशी तोच खण बंद करून थैला चपटा होतो. एक थैला दोन कामे करतो, तो या खणामुळे.

बाहेरचे कापड

कापडाची पारख हा आपला विषय. बाहेरच्या थैल्यासाठी बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात.

सुती कॅनव्हास मजबूत, शिवायला सोपे आणि दुरुस्त करता येण्याजोगे असते. १० औंसाचे कॅनव्हास सुमारे ३४० जीएसएम भरते, १२ औंसाचे सुमारे ४०० आणि १८ औंसाचे ६०० च्या वर. पण सूत पाणी पिते. रक्त एकदा धाग्यात शिरले की नुसत्या धुण्याने वास जात नाही, आणि थैला ओला ठेवला तर बुरशी धरते. गोश्ताचा थेट स्पर्श होणार असेल तर बाहेरच्या थैल्याला उघडे कॅनव्हास नको.

नायलॉन आणि पॉलिस्टर डेनिअरवर विकले जातात. ९,००० मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, तितका डेनिअर. दिवसभराच्या थैल्याला ५०० डेनिअर पुरेसे होते. तळाला आणि जेथे घासते तेथे १,००० डेनिअर लावावे. नायलॉन घासण्याला चिवट असते, पॉलिस्टर पाणी फार कमी पिते आणि उन्हात जास्त टिकते. दोन्हींच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा लेप असतो. तो लेप एकसारखा आहे ना, हे उजेडापुढे धरून पाहावे. नख ओढल्यावर सालपट निघत असेल तर तो माल परत करावा.

ताडपत्रीसारखे लेप दिलेले कापड पाणी पूर्ण अडवते आणि ओल्या फडक्याने पुसता येते. आत बसवायच्या सुट्या अस्तरासाठी ते उत्तम. रेक्झिन मात्र टाळावे. घडीवर भेगा पडतात आणि भेगेत रक्त बसते.

चौथा प्रकार म्हणजे न विणलेल्या कापडाच्या स्वस्त पिशव्या. लोक त्यांना कापडी समजतात. त्या पॉलिप्रोपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. केंद्राच्या नियमाने ३० सप्टेंबर २०२१ पासून ६० जीएसएमच्या खालच्या अशा पिशव्यांना बंदी आहे. राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी निघाली आणि केंद्राने ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या. खाटकाकडची पातळ काळी पिशवी या कोणत्याही नियमात बसत नाही. काळा रंग बहुधा भंगार प्लास्टिक वितळवल्याची खूण असते आणि असे प्लास्टिक खाण्याच्या वस्तूला लागू नये. वर्तमानपत्राच्या कागदात गोश्त गुंडाळणेही अन्नसुरक्षा नियमांनुसार मना आहे, कारण शाई गोश्ताला लागते.

आतली पिशवी : मांजरपाटाची करामत

शिकारी मंडळी गोश्त थेट थैल्यात टाकत नाहीत. ते आधी विरळ सुती पिशवीत घालतात. या पिशवीतून हवा खेळते, गोश्ताची ऊब निघून जाते, वरचा भाग सुकतो आणि माशी बसत नाही. इतके काम करणारी ही वस्तू आपल्या दुकानात मांजरपाट आणि जाड मलमल या नावांनी पडून आहे!

कापड कोरे, न रंगवलेले घ्यावे. रंग गोश्तात उतरतो. कोऱ्या कापडाला खळ असते, म्हणून कापण्यापूर्वी ते उकळत्या पाण्यात घालून खळ काढावी आणि वाळवावे. या धुण्यात कापड आटते. आधी कापून मग धुणाऱ्याची पिशवी वाकडी होते.

मापाचा हिशेब असा. तयार पिशवी १६ इंच रुंद आणि २४ इंच खोल धरू. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया सोडून तुकडा १७ इंच रुंद येतो. तळाला शिवण न घेता कापड दुमडायचे, तोंडाला दोन्हीकडे नाडीसाठी दोन-दोन इंच पट्टी ठेवायची, म्हणजे लांबी ५२ इंच होते. ३६ इंच पन्ह्याचे कापड धुऊन आटल्यावर सुमारे ३४ इंच उरते. त्यात दोन तुकडे अगदी बरोबर बसतात. दहा पिशव्यांना ५२ इंचाचे पाच तुकडे, म्हणजे सहा मीटर साठ सेंटिमीटर. आटण्याची सूट धरून सव्वासात मीटर कापड घ्यावे. वाया काही जात नाही. सात-आठ किलो गोश्त आणि वर बांधायला मोकळी मान, असे हे माप आहे. वापरल्यावर आधी थंड पाण्यात धुवावी, कारण गरम पाण्याने रक्त धाग्यात पक्के बसते. डाग गेल्यावर उकळून उन्हात वाळवावी, की पुढच्या वेळी तयार.

शिलाईत खरी परीक्षा

थैला कापडात क्वचित फाटतो; तो शिवणीत उसवतो. बाहेरच्या थैल्याला सुती दोरा वापरू नये. ओल आणि रक्त लागून तो कुजतो. पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा जाड दोरा, १८ नंबरची सुई आणि इंचाला सहा ते आठ टाके हे प्रमाण ठेवावे. टाके फार जवळ घेतले तर सुईच्या भोकांनी कापड पोस्टाच्या तिकिटासारखे फाटते.

खांद्याचा पट्टा जेथे जोडला जातो तेथे चौकोन शिवून आत फुलीचा टाका मारावा आणि आतून कापडाचा जादा तुकडा लावावा. खाटेची सुती नवार पट्ट्याला वापरू नये. ती ओली झाली की आटते आणि काही महिन्यांत कुजते. पॉलिस्टरची दीड इंची पट्टी चांगली.

सुट्या अस्तराच्या तळाला शिवण येऊ देऊ नये. सुईचे प्रत्येक भोक म्हणजे गळती. कापड परातीसारखे चारही बाजूंनी वर दुमडावे आणि शिवण किमान चार इंच उंचावर घ्यावी. अस्तर बटणाने किंवा बंदाने काढता-घालता यावे. जे अस्तर बाहेर काढून धुता येत नाही, ते दुसऱ्या ईदपर्यंत थैल्याचा नाश करते.

सिल्लोडचा हिशेब

आता आपल्या गरजेकडे येऊ. आपल्याकडील उस्मानाबादी जातीचा बकरा जिवंत ३० किलोचा असेल तर साफ केल्यावर १४ किलोच्या आसपास गोश्त निघते. तीन वाटे केले तर एक वाटा पाच किलोच्या आतच. म्हणजे वाटपासाठी सांगाड्याचा थैला लागत नाही. २५ ते ३० लिटरचा, रुंद पट्ट्यांचा, सुट्या अस्तराचा साधा थैला पुरतो. पूर्ण बकऱ्याचे गोश्त पाठीवर न्यायचे असेल, तरच कमरेच्या पट्ट्याचा विचार करावा. गरजेपेक्षा महाग वस्तू गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणे ही तिजारत नव्हे.

खरी अडचण उन्हाची आहे. बकरी ईद २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जूनला आणि २०२५ मध्ये ७ जूनला आली. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस आधी सरकते. या हिशेबाने २०२६ पासून २०३० पर्यंतच्या ईद मेअखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत येतात. मराठवाड्यात या दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो. अन्नसुरक्षेचा ढोबळ नियम सांगतो की, ५ ते ६० अंश तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. गोश्त अशा तापमानात दोन तासांपेक्षा अधिक राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासापेक्षा अधिक राहू नये. सिल्लोडहून छत्रपती संभाजीनगर साठ-पासष्ट किलोमीटर. एस.टी.ची वाट पाहण्यापासून घराचा उंबरा गाठेपर्यंत हा वेळ सहज संपतो. अजिंठा, शिवना, भराडी, घाटनांद्रा या गावांना वाटे पोचवायचे असतील तरीही घड्याळ चालूच असते.

म्हणून क्रम असा ठेवावा. कापलेले गोश्त लगेच कोंडू नये. बकऱ्याच्या अंगाची ऊब ३९ अंशांच्या आसपास असते. ती आधी निघू द्यावी. सावलीत, पंख्याखाली, मांजरपाटाच्या पिशवीत टांगून पाणी निथळू द्यावे. हे काम जितक्या लवकर होईल तितके बरे. मग ती पिशवी अस्तर लावलेल्या थैल्यात ठेवावी आणि दोन्ही बाजूंना बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या लावाव्यात. सुटा बर्फ टाकू नये. तो वितळून गोश्त भिजवतो आणि भिजलेले गोश्त लवकर बिघडते. हवा लागणारी पिशवी आत आणि पाणी अडवणारी बाहेर. हा क्रम उलटला तर दोन्ही कापडे फुकट. लांबच्या गावचे वाटे सकाळीच रवाना करावेत, शेजारचे मागून दिले तरी चालते.

प्रवासात घ्यायची काळजी

ऑगस्ट २०२४ मध्ये इगतपुरीजवळ रेल्वेत जळगाव जिल्ह्यातील एका वृद्ध प्रवाशाला जवळच्या गोश्तावरून मारहाण झाली. राज्यात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे; बकऱ्याच्या आणि म्हशीच्या गोश्ताला ती लागू नाही. मारणारे गुन्हेगारच असतात, दोष वाहून नेणाऱ्याचा नसतो. तरीही शहाण्याने आपली बाजू पक्की ठेवावी. विकत घेतलेल्या गोश्ताची खाटकाकडून पावती घ्यावी, त्यावर जनावराचा प्रकार आणि तारीख लिहून घ्यावी आणि ती थैल्याच्या वरच्या कप्प्यात ठेवावी. थैला बंद, कोरडा आणि बिनवासाचा असावा. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या कपड्यावर आपल्या पिशवीतून थेंब पडू नये, हा तर शेजारधर्मच आहे. न गळणाऱ्या अस्तराची किंमत येथे वसूल होते.

दुकानात पाच तपासण्या

थैला घेणाऱ्याने दुकानातच पाच गोष्टी पाहाव्यात. पहिली, आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या किंवा धान्य मिळून दहा किलो वजन घालून तो पाठीवर घ्यावा आणि दहा मिनिटे चालावे. दुसरी, खांद्याचा पट्टा जोडाजवळ धरून जोराने हिसका द्यावा; टाका उघडला तर सोडून द्यावा. तिसरी, अस्तरात तांब्याभर पाणी ओतून खाली कोरडा कागद ठेवावा आणि कागद भिजतो का पाहावे. चौथी, चेन वीस वेळा उघड-बंद करावी. रक्त आणि चरबी लागल्यावर बारीक दात अडकतात, म्हणून मोठ्या दाताची चेन घ्यावी. पाचवी, अस्तर स्वतःच्या हाताने काढून पुन्हा लावून पाहावे. जो दुकानदार या तपासणीला नको म्हणेल, त्याच्या मालात खोट आहे असे समजावे.

कारीगरांसाठी संधी

या थैल्यात असे काहीच नाही जे आपल्या गावातला कुशल टेलर शिवू शकत नाही. लग्नसराई आणि ईदचे कपडे सोडले तर अनेक मशिनी वर्षातले कित्येक दिवस झाकून ठेवलेल्या असतात. मांजरपाटाच्या पिशव्यांची शिलाई तर घरबसल्या बायाबापड्याही करू शकतात. ईदच्या दोन महिने आधी एखाद्या मोहल्ल्याने पन्नास-शंभर पिशव्यांची मागणी एकत्र नोंदवली, कापड ठोक भावात घेतले आणि शिलाईचे दर आधीच ठरवले, तर गिऱ्हाईक आणि कारीगर दोघांचा फायदा आहे. बारा महिने खपण्यासाठी खाटकांना सुचवावे की, जे गिऱ्हाईक स्वतःची कापडी पिशवी आणेल त्याला वजनात थोडे झुकते माप द्यावे.

परदेशी बाजाराकडे पाहणाऱ्यांनी एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाठीवरचा थैला जकातीच्या वर्गीकरणात ४२०२ या शीर्षकाखाली येतो आणि माल बांधायच्या सुती पिशव्या ६३०५ खाली येतात. दोन वस्तू एकाच नावाने बिलात लिहिल्या तर माल बंदरात अडकू शकतो. पण परदेशाआधी आपली गल्ली आहे. पाच किलोचा वाटा चांगल्या अवस्थेत गरिबाच्या चुलीपर्यंत पोचवणारी पिशवी ज्या कारीगराने शिवली, त्याच्या हुनराला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही. ईदच्या आधी दोन महिने हातात असतील तर आजच कापड उकळायला टाकावे.